परळची वारी आणि तिची तयारी

काशी-रामेश्वराच्या यात्रेस निघावयाचें म्हणजे आपल्या घरांतून पूर्वीं महिनाभर आधीं तयारी चाले. बरोबर कोण येणार, घरीं कोण राहणार, वाटेंत फराळाचें काय, उपाध्यायांच्या वहींत आपल्या घराण्याची नोंद कोठें सांपडेल, या सर्वांचा विचार वडील माणसें करीत, आणि तो ऐकून ऐकून घरांतील मुलांनाहि पाठ होई. परंतु आजच्या काळीं जी यात्रा बहुधा कोणत्याच कुटुंबाला चुकत नाहीं, ती मात्र आपण कांहीं तयारी न करतां उरकतों. ती यात्रा म्हणजे इस्पितळाची. महाराष्ट्रांतील कित्येक घरांना ती मुंबईस, परळला घेऊन जाते. गेल्या कांहीं वर्षांत आप्तेष्टांना घेऊन या वाटेनें जाण्याचे प्रसंग आमच्यावर अनेक वेळां आले. त्यांत जें पाहिलें आणि जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

परळ म्हटलें कीं गिरण्या आणि इस्पितळें डोळ्यांपुढें येतात. पण ही भूमि त्यांहून पुष्कळ जुनी आहे. १९३१ सालीं येथें रस्त्याचें काम चाललें असतां एकाच शिळेंत कोरलेली, सात मूर्तींची एक भव्य शिवप्रतिमा जमिनींतून वर आली. ती आज बारादेवीच्या देवळांत आहे. इंग्रजी अमदानींत मुंबईच्या गव्हर्नरांचा वाडा परळलाच होता. गव्हर्नरांनीं तो सोडल्यावर १८९९ सालीं त्या वाड्यांत डॉ. हाफकिन यांची प्लेगवरील प्रयोगशाळा आली. आपण तयार केलेली प्लेगची लस या गृहस्थांनीं १८९७ च्या जानेवारींत प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली होती. १९२५ पासून ती प्रयोगशाळा हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाते.

पुढें १९२६ सालीं के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेलें शेट गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. त्या काळीं सरकारी वैद्यकीय संस्थांतील वरच्या जागा बहुतेक गोऱ्या डॉक्टरांच्या हातीं असत. म्हणून गोर्धनदास शेटजींच्या विश्वस्तांनीं देणगी देतांना अट घातली कीं, येथील अध्यापक भारतीयच असावेत. त्या अटीप्रमाणें उभ्या राहिलेल्या या संस्थेचे पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता हे पुढें १९६० सालीं गुजराथचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच सुमारास वाडिया घराण्याच्या दानांतून स्त्रियांसाठीं प्रसूतिगृह आणि १९२९ सालीं मुलांचें रुग्णालय उभें राहिलें. मेहरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें गेल्या. त्यांचे पति सर दोराबजी टाटा यांच्या नांवच्या न्यासानें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. १९६२ पासून तें भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या रस्त्यावर तें उभें आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचें नांव आहे. मूळचे गोमंतकीय असलेल्या या शस्त्रवैद्यांनीं आपलें आयुष्य त्याच रुग्णालयांत वेंचलें. या सर्व संस्था एकमेकींपासून पायीं जातां येईल इतक्या जवळ आहेत. दानधर्म आणि विद्या यांचा एवढा संगम एवढ्याशा जागेंत क्वचितच पाहावयास मिळेल.

कोल्हापूर, नाशिक, नागपूर, पुणें, कोठूनहि येणाऱ्यास दादर हें उतरण्याला सोयीचें स्थानक. लोकलगाडीनें जावयाचें असल्यास मध्य रेल्वेचें परळ किंवा पश्चिम रेल्वेचें प्रभादेवी जवळ पडतें. २०१८ पर्यंत हें दुसरें स्थानक एल्फिन्स्टन रोड म्हणून ओळखलें जात असे. पुणेकरांना डेक्कन क्वीनचा अभिमान असणें साहजिक आहे; परंतु सकाळीं ७-१५ ला निघणारी ही गाडी दादरला पोंचेपर्यंत दहा वाजतात, आणि तोंपर्यंत बाह्यरुग्ण विभागांतील बांकें भरून गेलेलीं असतात. शिवाय प्रत्येक विभागाचे व प्रत्येक डॉक्टरांच्या पथकाचे वार ठरलेले असतात. भलत्या वारीं जाऊन पोंचल्यास सारा दिवस फुकट जातो. म्हणून वार व वेळ आधीं नीट विचारून घ्यावी आणि रुग्णाला घेऊन आदल्या संध्याकाळींच मुक्कामास येऊन राहावें, हें उत्तम.

सकाळच्या प्रहरीं परळची पदपथें पाहण्यासारखीं असतात. एका हातांत क्ष-किरणांच्या चित्रांचें मोठें पाकीट आणि दुसऱ्या हातांत पाण्याची बाटली, असा माणसांचा प्रवाह फाटकांतून आंत जात असतो. बंगाली, भोजपुरी, असमिया, मराठी अशा नाना भाषा कानीं पडतात. शहाळेवाला, केळीवाला आणि औषधांचीं दुकानें यांची गर्दी असते. रात्रभर तेथेंच पथारी टाकून राहिलेलीं कुटुंबें आपलें अंथरूण गुंडाळीत असतात. या गर्दींत कोण तयारीनें आला आहे आणि कोण नाहीं, हें केसपेपरच्या खिडकीपाशीं लगेच दिसून येतें.

पहिली तयारी कागदपत्रांची. जुने अहवाल, चिठ्ठ्या, चित्रें, सर्व तारखेप्रमाणें, जुन्यावर नवें असें लावून एकाच फाइलींत ठेवावें. टाटा रुग्णालयांत जावयाचें असून बाहेर कोठें गांठीचा तुकडा तपासलेला असेल, तर नुसता अहवाल पुरत नाहीं. त्या तुकड्याच्या कांचपट्ट्या आणि मेणांत बसविलेले ठोकळे मूळ प्रयोगशाळेंतून मागून आणावे लागतात, कारण तेथील तज्ज्ञ ते पुन्हां स्वतः पाहतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यावयाचा असल्यास शिधापत्रिका व आधारपत्र मूळ प्रतींसह बरोबर असावें. याशिवाय एका कागदावर घरीं निवांतपणें लिहून न्यावें: दुखणें कधीं सुरू झालें, कशानें वाढतें, पूर्वीं कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, कोणतें औषध सोसत नाहीं. चालू औषधांच्या मूळ पट्ट्याच न्याव्यात; "एक पांढरी गोळी सकाळीं आणि एक पिवळी रात्रीं" या वर्णनावरून डॉक्टरांना कांहींच कळत नाहीं. वैद्यांचा काढा, भस्म, शेजारणीनें दिलेलें चूर्ण, हेंहि त्यांतच लिहावें. आपल्या घरांतून अशीं औषधें 'औषध' म्हणून गणलींच जात नाहींत. पण शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्ताच्या गोठण्यावर किंवा भुलीवर त्यांपैकीं कित्येकांचा परिणाम होऊं शकतो. कागदाच्या शेवटीं आपल्याला विचारावयाचे तीन प्रश्न लिहावेत. डॉक्टरांपुढें बसल्यावर मोठमोठ्या विद्वानांचेहि प्रश्न विसरून जातात.

दुसरी तयारी पोटाची. येथें एका शब्दानें फार घोटाळा होतो. इस्पितळांत सांगतात, "उपाशीं या." आपल्याकडे उपास म्हटला म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दूध, केळें हें सर्व चालतें. एकदां आमच्या शेजारच्या बांकावरील आजोबा मोठ्या समाधानानें म्हणाले, "मी कांहीं खाल्लें नाहीं, फक्त दुधाचा पेला घेतला," आणि त्यांची तपासणी पुढें ढकलली गेली. भूल दिली म्हणजे घशाची राखण करणारी स्वाभाविक प्रतिक्रिया थांबते. अशा वेळीं जठरांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरलें तर प्राणावर बेततें. म्हणून सामान्यतः हलक्या आहारानंतर निदान ६ तास, तेलकट व जड जेवणानंतर ८ तास जाऊं द्यावे लागतात. दूध आणि दुधाचा चहा हीं अन्नांतच मोडतात. साधें पाणी मात्र पुष्कळदां २ तास आधींपर्यंत चालतें. तरी आपल्याला जी वेळ लेखी सांगितली असेल तीच प्रमाण मानावी.

तपासणीगणिक नियम बदलतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशीं जावें लागतें, कारण खाल्ल्याबरोबर पित्ताशय आकुंचन पावतें आणि त्यांतील खडे नीट दिसत नाहींत. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला उलट पुष्कळ पाणी पिऊन मूत्राशय भरलेला ठेवण्यास सांगतात. मोठ्या आंतड्याची दुर्बिणीनें तपासणी असेल, तर कांहीं दिवस आधींपासून बियांचीं फळें व तीळ वर्ज्य करावयास सांगतात, आदल्या दिवशीं पातळ आहारावर राहून रेचक घ्यावें लागतें, आणि लाल रंगाचें पेय टाळावयाचें असतें. गाळलेलें वरणाचें पाणी, शहाळें, गाळलेलें लिंबाचें सरबत हीं सहसा चालतात. परंतु कोकमाचें सार किंवा बिटाचा रस आंतड्यांत रक्तासारखा दिसतो. शिरेंतून औषध टोंचून सी. टी. स्कॅन करावयाचा असेल, तर मूत्रपिंडाच्या कार्याचा रक्ताचा अहवाल बहुधा आधीं मागतात. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्या दिवशीं घ्यावयाच्या कीं नाहीं, हें डॉक्टरांना विचारूनच ठरवावें. आपल्या मतानें बंद करूं नये आणि आपल्या मतानें चालूहि ठेवूं नये. उपाशीं पोटीं नेहमीचें इन्सुलिन टोंचल्यास साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडूं शकतो.

तिसरी तयारी अलंकारांची, आणि ती आमच्या वाचक-भगिनींनीं विशेष लक्षांत घ्यावी. एम. आर. आय. च्या यंत्रांतील चुंबक इतका प्रबळ असतो कीं अंगावर कोणताहि धातु चालत नाहीं. शस्त्रक्रियागृहांतहि बांगड्या, जोडवीं, मंगळसूत्र, कृत्रिम दांत काढून ठेवावे लागतात. नखांना रंग असल्यास रक्तांतील प्राणवायु मोजणाऱ्या चिमट्याला अडथळा येऊं शकतो. ऐन वेळीं दारापाशीं परिचारिका म्हणते, "मंगळसूत्र काढा," आणि मग सासूबाईंचा चेहरा उतरतो, रुग्णाला रडूं कोसळतें. हें सर्व घरीं आदल्या दिवशीं बोलून ठेवावें. हळकुंड बांधलेला दोरा गळ्यांत घालण्याची आपली जुनी चाल आहेच. तो तरी ठेवतां येईल कीं नाहीं, हें आधींच विचारून ठेवावें. ज्याला जीव लावावयाचा तें माणूस आंत जाणार आहे. सोनें कोणाजवळ ठेवावयाचें, या चिंतेंत त्याला पाठवूं नये.

या तिन्ही तयाऱ्या कोणीहि थोड्या शिस्तीनें करूं शकेल. चौथी मात्र कठीण आहे, आणि तिच्याकडेच आपल्या एकत्र कुटुंबांतून सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. ती तयारी म्हणजे रुग्णाला स्वतः बोलूं देण्याची.

आमच्या वहिनींना घेऊन आम्ही तेथील एका इस्पितळांत बसलों होतों. जवळच एक वयस्क बाई, त्यांचे दोन मुलगे आणि सून, अशी सातारच्या बाजूची मंडळी होती. मुलगे कर्ते, समंजस, आईची फार काळजी घेणारे. फाइल थोरल्याच्या हातांत, पैसे धाकट्याच्या खिशांत. सून पिशवी सांभाळीत बसलेली. थोरला मुलगा वहिनींना म्हणाला, "आईला गेले पंधरा दिवस अशक्तपणा वाटतो आहे." कांहीं वेळानें ते दोघे खिडकीपाशीं गेले, तेव्हां सून वहिनींच्या कानाशीं लागून म्हणाली, "काकू, पंधरा दिवस कसले? पाळी जाऊन दहा वर्षें झालीं, आणि श्रावणापासून पुन्हां अंगावर जातें आहे. मला तेवढें सांगितलें त्यांनीं. भावोजींच्या देखत त्या बोलणार नाहींत, आणि मला आंत कोण नेणार?"

वहिनींनीं जाऊन परिचारिकेला एवढेंच सांगितलें कीं, त्या बाईंना डॉक्टरीणबाईंशीं एकटीनें बोलावयाचें आहे. नांव पुकारलें गेलें तेव्हां परिचारिकेनें मुलांना नम्रपणें बाहेर थांबविलें आणि सासू-सुनांना आंत घेतलें. बऱ्याच वेळानें दोघी बाहेर आल्या. हातांत आणखी तपासण्यांचे कागद होते. थोरल्यानें ते वाचले आणि हलक्या आवाजांत विचारलें, "आई, हें घरीं कां नाहीं सांगितलेंस?" त्या म्हणाल्या, "घरीं तूं एकटा कधीं होतास रे?"

एकत्र कुटुंबाचें वैभव आम्ही जाणतों. दुखण्याच्या वेळीं उठावयास दहा हात असतात, हें सुख लहान बिऱ्हाडाला मिळत नाहीं. परंतु ज्या घरांत एकट्यानें बोलावयास एक कोपरा नसतो, तेथें दुखणें लपून वाढतें. पाळी गेल्यानंतर पुन्हां रक्त जाऊं लागणें ही गोष्ट एकदांच घडली तरी डॉक्टरांना दाखविण्यासारखी आहे; ती गर्भाशयाच्या कर्करोगाची खूण असूं शकते, आणि लवकर कळल्यास त्यावर पुष्कळदां पूर्ण इलाज होतो. लाजेमुळें गेलेले सहा महिने मागाहून कितीहि पैसा ओतून परत मिळत नाहींत. म्हणून रुग्णाबरोबर आंत कोण जावयाचें, हें घरांत कमावता कोण यावरून ठरवूं नये. रुग्णालाच विचारावें, "तुला कोण बरोबर हवें?" मग तें माणूस सून असो, लेक असो, किंवा शेजारची मैत्रीण असो. आणि थोडा वेळ कोणीच नको असेल, तर तेंहि मानावें.

संमतीच्या कागदाचेंहि असेंच आहे. "सही मी करतों, तिला काय कळतें," असें म्हणणारे वडीलधारे आजहि भेटतात. आपला कायदा तसें मानीत नाहीं. एका स्त्रीला केवळ तपासणीसाठीं भूल दिलेली असतां, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमति घेऊन तिचें गर्भाशय काढण्यांत आलें होतें. त्या खटल्यांत २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळानें शुद्धीवर येणार आहे आणि जीव वांचविण्याची तांतडी नाहीं, अशा वेळीं आईचीहि संमति पुरत नाहीं. रुग्णाची स्वतःचीच लागते. तेव्हां कागद रुग्णाच्या हातीं द्यावा, त्याच्या भाषेंत समजावून मागावा, आणि काय करणार, कां करणार, न केल्यास काय होईल, दुसरा उपाय आहे काय, हे चार प्रश्न त्यानें विचारीपर्यंत घाई करूं नये.

दुखण्याचें नांव लपविण्याची चाल याच जातीची. महाराष्ट्रांत "टाटाला जावयाचें आहे" एवढ्या शब्दांत सर्व अर्थ येतो. तरीहि कित्येक घरचीं माणसें फाटकाच्या आंत शिरतांना रुग्णाला "साधी गांठ आहे" असेंच सांगत असतात. रुग्णाला बहुधा सर्व कळलेलें असतें. आपल्याला कळलें आहे हें तो मुलांना कळूं देत नाहीं, आणि मुलें त्याला कळूं देत नाहींत. अशा रीतीनें एकाच बांकावर बसलेलीं माणसें एकमेकांपासून दूर जातात. किती सांगावें आणि कोणत्या शब्दांनीं सांगावें, हें माणूस पाहून ठरवावें. पण जो विचारतो त्याला खरें उत्तर मिळावें.

बाहेर थांबणाऱ्यांसाठीं दोन शब्द. उपचार लांबणार असेल तर नातेवाइकांच्या दोन खोल्यांच्या घरीं चार-चार महिने राहणें दोन्ही पक्षांना जड जातें. दादर पूर्वेस संत गाडगे महाराजांच्या नांवानें चालणारी धर्मशाळा आहे, परळमध्यें नाना पालकर स्मृति समितीचें रुग्णसेवा सदन आहे, आणि इतरहि कांहीं संस्था आहेत. जागा मर्यादित असते. म्हणून इस्पितळाच्या समाजसेवा विभागांत पहिल्याच दिवशीं चौकशी करावी. अशा ठिकाणीं राहण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. शेजारच्या खाटेवरील बिहारच्या कुटुंबाकडून जी माहिती व जो धीर मिळतो, तो घरच्या चार भिंतींत मिळत नाहीं. भूल दिलेल्या रुग्णाला त्याच दिवशीं घरीं सोडलें तर त्याच्याबरोबर एक जाणतें माणूस हवेंच. त्यानें चोवीस तास वाहन चालवूं नये आणि महत्त्वाच्या कागदांवर सह्या करूं नयेत. समाचारास येणाऱ्या मंडळींनीं पहिले दोन दिवस दूर राहणें हीच खरी आपुलकी.

ज्या घरांत अशी तारीख ठरलेली असेल, तेथें आदल्या आठवड्यांत एका संध्याकाळीं जेवणें उरकल्यावर फाइल उघडून बसावें. मुलांनीं कागद तारखेप्रमाणें लावावेत, सुनांनीं औषधांच्या पट्ट्या जमा कराव्यात, आजोबांनीं उपासाचा खरा अर्थ ऐकून घ्यावा. मग सर्वांनीं थोडा वेळ उठून जावें, आणि ज्याला जावयाचें आहे त्याच्यापाशीं त्याच्या विश्वासाचें एकच माणूस बसवावें. त्या वेळीं तो जें सांगेल तें कागदाच्या अगदीं पहिल्या ओळींत लिहून घ्यावें.